मालवणच्या किनाऱ्याचे शब्दकोडे

रोजच्या वर्तमानपत्रातले शब्दकोडे एखाद्या विषयाला वाहिलेले असले, गणपतीच्या दिवसांत गणपतीचे किंवा आषाढीला वारीचे, तर हात भराभर चालतो. उत्तरे कोणत्या घराण्यातली असणार हे आधीच ठाऊक असते. मात्र विषय एका प्रदेशाचा असला की प्रश्न उभा राहतो. मालवण किनाऱ्याचे कोडे मालवणच्या माणसाला सुटेल. जळगावच्या माणसाचे काय? माझे म्हणणे असे की त्यालाही ते सुटले पाहिजे, आणि कोडे नीट रचलेले असेल तर सुटतेच. ते कसे, हे चौकटीच्या एका कोपऱ्यावरून दाखवतो.

घर एक, अक्षर एक

मराठी कोड्यात एका घरात एक अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘सिंधुदुर्ग’ लिहायला चार घरे पुरतात: सिं, धु, दु, र्ग. इंग्रजीत घर भरायला सव्वीसच अक्षरे, आपल्याकडे शेकडो. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जुळवणे मराठीत फार अवघड जाते. इंग्रजी कोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. आर्थर विन यांनी ते ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले. अमेरिकी वर्तमानपत्रांत पुढे असा दंडक पडला की प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत आलेच पाहिजे. मराठी चौकटीला हे परवडत नाही. आपल्या चौकटी लहान, काळी घरे जास्त, छेद थोडे. म्हणूनच जो छेद मिळतो तो मोलाचा.

इथे शुद्धलेखनाचे नियम चक्क कामाला येतात. मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर तो दीर्घ: भरती, ओहोटी, वाळू. शब्द अकारान्त असेल तर उपांत्य इकार-उकारही दीर्घ: शीड, मीठ, आमसूल. मंदिर, गुण यांसारख्या तत्सम शब्दांना यातून सूट आहे. आणि अनेकवचन विचारले असेल तर ‘आमसुले’तला सु ऱ्हस्व होतो. घर भरण्याआधी एवढे पाहिले तरी निम्मी खाडाखोड वाचते.

एक कोपरा, पाच शब्द

आता प्रत्यक्ष कोडे. कंसातला आकडा घरांचा आहे.

आडवे शब्द
१. देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणारे कोकणातले लोकनाट्य (५)
३. नारळाच्या रसात आमसुले घालून केलेले, जेवणानंतर घेतात (४)

उभे शब्द
१. समुद्र (२)
२. मालवणच्या दक्षिणेचा किनारा, एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र (४)
३. लोटांगणाच्या जत्रेसाठी प्रसिद्ध, सावंतवाडी तालुक्यातले देवी माउलीचे गाव (३)

सुरुवात उभ्या १ पासून करणारा फसतो. सिंधुदुर्गाचे कोडे, समुद्राला दोन अक्षरी शब्द, मग ‘सिंधू’ लिहायचा मोह कुणालाही होईल. तो आवरावा. एकाच शब्दाचे शोधसूत्र दिसायला सोपे, पण त्याची उत्तरे अनेक असतात. ते नेहमी शेवटी घ्यावे. आधी धरावे ते आडवे ३, कारण त्याला दुसरे उत्तर नाही. सोलकढी आता राज्यभरच्या खाणावळींत मिळते, जळगावकरालाही ती ठाऊक असते. सो, ल, क, ढी अशी चार घरे भरली.

सोलकढीतला क उभ्या २ च्या तिसऱ्या घरात पडतो, आणि कोपऱ्याची खरी गंमत तिथे आहे. शोधसूत्राचे वर्णन दोन गावांना लागू पडते. मालवणहून दक्षिणेला निघालात की आधी तारकर्ली लागते, पुढे त्याच चिंचोळ्या पट्टीच्या टोकाला देवबाग. दोन्हीकडे एका बाजूला कर्ली, दुसऱ्या बाजूला समुद्र. दोन्ही नावे चार घरांची. किनारा पाठ असलेला मालवणकर इथे उलट जास्त घोटाळेल. पण देवबागेचे तिसरे अक्षर बा आहे आणि चौकटीत क बसला आहे, तेव्हा तारकर्ली. निवाडा छेदाने केला. या जागी मालवणकराला जळगावकरापेक्षा अधिक काही मिळाले नाही, आणि चांगल्या कोड्याची हीच खूण मी मानतो.

तारकर्लीचा ता वर जाऊन आडव्या १ चे चौथे घर भरतो. पाच घरांचे लोकनाट्य, चौथे अक्षर ता, म्हणजे दशावतार. त्याचा पहिला द मिळाला की उभ्या १ मधला ‘सिंधू’ आपोआप बाद होऊन तिथे ‘दर्या’ येतो. भरलेला कोपरा असा दिसतो:

द – शा – व – ता – र
र्या – ■ – ■ – र – ■
■ – सो – ल – क – ढी
■ – नु – ■ – र्ली – ■
■ – र्ली – ■ – ■ – ■

उरला उभा ३, सोनुर्ली. इथे मी मुद्दाम एक कच्ची जागा ठेवली आहे. जत्रेच्या दिवशी भाविक देवळाभोवती लोटांगणे घालतात, हे सिंधुदुर्गात घरोघरी माहीत आहे. बाहेरच्याला मात्र सोलकढीकडून मिळालेल्या सो पलीकडे काहीच हाती लागत नाही. नु आणि र्ली ही अक्षरे दुसऱ्या शब्दात छेदायलाही अवघड. मग रचणाऱ्याने काय करावे? शब्द बदलून ‘सोनार’ घातला तर काम भागते, पण विषय हातचा जातो. मला दुसरा उपाय पसंत आहे. शोधसूत्रात चार शब्द वाढवावेत: ‘शेवटचे अक्षर उभ्या २ प्रमाणेच’. आता सो, एक रिकामे घर आणि र्ली एवढे समोर येते, आणि गावाचे नाव न ऐकलेलाही नकाशा उघडून ते शोधू शकतो. अनोळखी स्थानिक शब्द कोड्यात जरूर यावा. मात्र त्याचा प्रत्येक अवघड सांधा ओळखीच्या शब्दाने किंवा शोधसूत्राने धरलेला असावा.

विषय वेगळा, धागा वेगळा

आपल्याकडे विषयाचे कोडे म्हणजे सगळी उत्तरे एकाच क्षेत्रातली. बांगडा, सुरमई, पापलेट, मोरी असे सगळे मासे भरले की मत्स्यकोडे तयार. त्यात वाईट काही नाही, पण त्याहून सरस एक प्रकार आहे. लांब उत्तरांमधून एक छुपा धागा जातो, आणि तो सापडला की उरलेली लांब उत्तरे उलगडतात.

मालवणला असा धागा शिवकाळापासून तयार आहे. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाला सुरुवात झाली. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. कोडे रचणाऱ्याला याहून सुंदर देणगी कोणती मिळणार! दूधबाव आणि दहीबाव दोन्ही चार घरांच्या. चौकट अर्धी फिरवली तरी काळी घरे जागच्या जागी राहावीत, असा संकेत अनेक रचनाकार पाळतात. त्या संकेतात एक वरच्या बाजूला, दुसरी तिच्यासमोर खालच्या बाजूला बसते. साखरबाव पाच घरांची, ती मधोमध. तिघींची शेवटची दोन घरे सारखी, बा आणि व. आणि कुठेतरी एका लहान शब्दाचे शोधसूत्र: ‘तीन लांब उत्तरांच्या शेवटी जी आहे ती, बाहेरच्या भाषेत (३)’. उत्तर विहीर.

सोडवणाऱ्याने अशा कोड्यात काय करावे? पहिले लांब उत्तर पुरे झाले की थांबून त्याचा शेवट पाहावा. दूधबाव सापडली आणि समोरासमोरच्या जागी तेवढ्याच लांबीचा शब्द असला, तर शोधसूत्र न वाचता तिथेही बाव लिहून पाहावे, पेन्सिलीने. मधल्या ओळीतही तेच. अशी चार घरे विनासायास भरतात आणि त्यांना छेदणारे उभे शब्द हलू लागतात. वर्तमानपत्राच्या कोड्यात मला सर्वांत जास्त आनंद याच क्षणी होतो.

दोन अर्थांचे शब्द

नुसते प्रतिशब्द विचारून कोडे कोरडे पडते. किनाऱ्याच्या बोलण्यात दुहेरी अर्थांचे शब्द भरपूर आहेत, ते वापरावेत. ‘शेतात चालतो, बंदरात थांबवतो (३)’ म्हणजे नांगर. ‘जाळे विणणारा, घराच्या कोपऱ्यातही असतो (२)’ म्हणजे कोळी. मात्र मालवणच्या किनाऱ्यावर मच्छीमार प्रामुख्याने गाबीत समाजाचे, तेव्हा शोधसूत्रात गावाचे नाव घालू नये. ‘वारा उलटला नि पोपट झाला (२)’ हे रावा. उलटवायचे ते अख्खे अक्षर, काना-मात्रा सुट्या करून नव्हे.

बक्षिसांची कोडी

कोड्याचा छेद निर्णायक असावा हा आग्रह हौसेपुरता नाही, त्याला कायद्याचा इतिहास आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या कोड्यांचा मोठा व्यापार चालत असे. त्यांत मुद्दाम अशी घरे ठेवलेली असत की दोन शब्द सारखेच योग्य वाटावेत. बंद पाकिटातल्या उत्तराशी जुळेल तो जिंकला. तारकर्ली की देवबाग, हे छेदाने न ठरवता नशिबावर सोडण्याचाच तो प्रकार. १९५५ साली प्राइज कॉम्पिटिशन्स कायदा आला आणि महिन्याच्या एकूण बक्षिसांवर एक हजार रुपयांची मर्यादा घातली गेली. चमारबागवाला यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये स्पष्ट केले की हा कायदा जुगारासारख्या स्पर्धांना लागू आहे. खऱ्या अर्थाने कौशल्यावर चालणाऱ्या स्पर्धा त्यात येत नाहीत.

शब्दकोड्यांशी मालवणचे नाते जयंत साळगावकर यांच्यामुळे जवळचे आहे. १ फेब्रुवारी १९२९ रोजी मालवणात जन्मलेले साळगावकर १९७३ साली सुरू झालेल्या ‘कालनिर्णय’मुळे घराघरांत पोचले. पण त्याआधी शब्दकोड्यांच्या स्पर्धांमधून त्यांनी नाव कमावले होते. मालवणात त्यांनी बांधलेले जय गणेश मंदिर पर्यटक आवर्जून पाहतात. तिथे जाणाऱ्यांपैकी कोडी सोडवणाऱ्यांनी तरी हा धागा लक्षात ठेवावा.

उत्तरे छापताना

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भरलेली चौकट छापतात आणि विषय संपतो. हे अपुरे आहे. ज्याचे एक घर चुकले त्याला बरोबर अक्षर कळते, पण आपले का चुकले ते कळत नाही. विषयाच्या कोड्याला तरी उत्तरांखाली चार ओळींची उकल द्यावी. वरच्या कोपऱ्याची उकल मी अशी छापेन:

‘उभा २, तारकर्ली: देवबागेलाही वर्णन लागू पडते, पण आडव्या ३ मधल्या क मुळे ते बाद. उभा १, दर्या: दशावताराच्या द मुळे सिंधू, अर्णव चालत नाहीत, अर्णव तीन घरांचाही आहे. उभा ३, सोनुर्ली: श्री देवी माउलीची जत्रा, लोटांगणांसाठी प्रसिद्ध, शेवट तारकर्लीसारखा.’