लक्षण आणि दवाखाना यांच्यामधले महिने

अकोटहून अकोला ४५ किलोमीटरच्या आसपास. पण २०२० ते २०२२ या काळात हे अंतर कापणं फार अवघड होऊन बसलं होतं. मीटरगेज गाडी रुंदीकरणासाठी २०१७ च्या सुरुवातीलाच बंद झाली होती आणि ब्रॉडगेजवरची गाडी सुरू व्हायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि एसटी थांबली. फेब्रुवारी २०२१ मध्ये, राज्याच्या बऱ्याच भागांत दुसरी लाट जाणवायच्या आधीच, अमरावती विभागात रुग्ण झपाट्याने वाढले. महिनाअखेरीस अकोला, अकोट आणि मूर्तिजापूर ही शहरं प्रतिबंधित क्षेत्रं जाहीर झाली. त्यातून सावरतो न सावरतो तोच दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. मानसिक आजारांवरच्या लेखमालेत वाहतुकीचा हा पाढा वाचण्याचं कारण असं, की आजचा मुद्दाच त्यावर उभा आहे. तरुण वयात पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या मुलामुलींचं महासाथीत सर्वांत मोठं नुकसान झालं ते उपचार लांबल्यामुळे. करोनामुळे असे रुग्ण किती वाढले यावर पुष्कळ चर्चा झाली. त्यांच्या वाया गेलेल्या महिन्यांवर मात्र फारशी झाली नाही.

सायकोसिसमध्ये माणसाचं वास्तवाशी असलेलं नातं सुटतं. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, आपल्यावर पाळत आहे अशी खात्री वाटते, विचारांची साखळी तुटते. बहुतेकांना हा आजार पहिल्यांदा गाठतो तो विशीच्या आसपास, म्हणजे बारावी, पदवी, स्पर्धा परीक्षा, पहिली नोकरी या वयात. सुरुवात बहुधा गाजावाजा न करता होते. आधी झोप उलटी होते, रात्र जागून आणि दिवस पडून जातो. मग आंघोळ टळते, मित्रांचे फोन उचलले जात नाहीत, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लागते. आईने वाढलेलं ताट बाजूला सरकवलं जातं, कारण त्यात काहीतरी कालवलं आहे असा संशय असतो. एरवी अशा वागण्याकडे कॉलेजातल्या, खोलीवरच्या किंवा कामावरच्या कोणाचं तरी लक्ष जातं. २०२० मध्ये कॉलेज बंद, खोली सोडलेली, काम थांबलेलं. शिवाय त्या वर्षी घराघरांत लोक दाराची कडी पुसत होते, शेजाऱ्याला टाळत होते, रात्र रात्र मोबाइल पाहत होते आणि लशीत चिप असल्याचे निरोप एकमेकांना पाठवत होते. भीती आणि संशय हे सगळ्यांचंच रोजचं वागणं झालं होतं, तेव्हा एका मुलाची आजारी भीती घरच्यांनी वेगळी ओळखायची कशी? ‘रातभर झोपत नाही, एकटाच बोलत राह्यते’ असं आई सांगू लागेपर्यंत बरेच महिने उलटलेले असत.

पहिल्या लक्षणापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंतच्या काळाचं मोजमाप मनोविकारशास्त्रात गेली तीसेक वर्षं होत आलं आहे. हा काळ जितका लांबतो तितकं पुढचं सुधारणं मंद आणि अपुरं राहतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. अमेरिकेत ३४ केंद्रांवर झालेल्या रेझ या अभ्यासात ४०४ रुग्ण होते. औषध, कुटुंबाचं प्रशिक्षण, समुपदेशन आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत अशा एकत्रित उपचारांची तिथे परीक्षा झाली. उपचारांविना गेलेल्या काळाचा मध्यक ७४ आठवडे निघाला, तोही अमेरिकेत. ज्यांचा काळ त्याहून कमी होता त्यांना या उपचारांचा फायदा स्पष्टपणे जास्त झाला. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सायकोसिसच्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तीन उपचारांबाहेर आढळले. आता आपल्या जिल्ह्याचा अंदाज बांधू. स्किझोफ्रेनियाच्या नव्या रुग्णांचं जगभरच्या अभ्यासांतलं मध्यम प्रमाण वर्षाला लाखामागे १५ च्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत अकोला जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख होती. म्हणजे महासाथ असो वा नसो, या एका जिल्ह्यात वर्षाला ढोबळमानाने २७० घरांत हा आजार नव्याने शिरत असावा. सायकोसिसचे इतर प्रकार यात धरलेलेच नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा, की हा विषाणूचाच परिणाम होता, उशिराला दोष कशाला? विषाणूचा वाटा मी नाकारत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतर बोस्टनमध्ये कार्ल मेनिंजर यांनी मानसिक विकार जडलेल्या सुमारे शंभर रुग्णांची नोंद केली होती. करोनाबाधित २,३६,३७९ रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आला. त्यात सहा महिन्यांत पहिल्यांदाच सायकोसिसचं निदान झालेल्यांचं प्रमाण ०.४२ टक्के होतं. स्टेरॉइडही लक्षात घ्यायला हवं. ते जीव वाचवणारं औषध आहे, पण जास्त मात्रेत भ्रम निर्माण करू शकतं, हे १९७२ पासून आकड्यांनिशी माहीत आहे; आणि दुसऱ्या लाटेत ते आपल्याकडे सढळ हाताने दिलं गेलं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१९ ते एप्रिल २०२१ दरम्यान पहिल्या सायकोसिसच्या संशयावरून सेवेकडे पाठवलेल्यांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. पण तो आकडा पाठवलेल्यांचा आहे, निदान झालेल्यांचा नाही. कारण विषाणू असो, स्टेरॉइड असो, गांजा असो की आनुवंशिकता, दवाखान्यात लवकर पोहोचण्याची गरज तेवढीच राहते. उलट ताप, ऑक्सिजन उतरणं किंवा दारू एकाएकी सुटल्यावर येणारी बरळ ही तर तातडीची वैद्यकीय अवस्था असते, आणि बाहेरून ती सायकोसिससारखीच दिसू शकते. घरी बसून हा फरक करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असे झटके पुष्कळदा आपोआप ओसरतात आणि आपली कुटुंबं माणूस सांभाळतात, मग गोळ्यांची घाई कशाला? यात तथ्य आहे. अचानक येऊन थोड्या काळात जाणारा सायकोसिस आपल्यासारख्या देशांत अधिक दिसतो. मेनिंजर यांनी पाच वर्षांनी पाठपुरावा केला तेव्हा त्यांचेही बहुतांश रुग्ण बरे झालेले होते. मात्र पहिल्या आठवड्यात कोणता झटका ओसरेल आणि कोणता मुक्काम ठोकेल हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. कुटुंबाचं म्हणाल तर चेन्नईची ‘स्कार्फ’ ही संस्था आणि मॉन्ट्रियल इथल्या पहिल्या झटक्याच्या रुग्णांची तुलना झाली आहे. दोन्हीकडे उपचारांची पद्धत सारखी होती, तरी निरुत्साह आणि एकलकोंडेपणा यांसारखी लक्षणं चेन्नईत जास्त सुधारली, आणि तिथली कुटुंबं उपचारांत अधिक सहभागी होती. कुटुंबाचं हे बळ उपचारांच्या सोबतीने दिसलं, ही गोष्ट विसरता कामा नये.

वऱ्हाडात पहिली धाव बहुधा दवाखान्याकडे नसते. ‘बाहेरचं झालं’ म्हणून जाणत्याकडे, मेळघाटात भुमका या पारंपरिक वैदूकडे, बुलढाणा जिल्ह्यात सैलानीच्या दर्ग्याला माणसं जातात. त्यांना हिणवून काही साधत नाही. ज्या गावात मनोविकारतज्ज्ञ कधी दिसलाच नाही, तिथे हाकेच्या अंतरावर भेटेल त्याच्याकडेच माणूस जाणार. तिथे जाऊ द्या, पण गोळी थांबवू नका आणि साखळदंड लावू देऊ नका, एवढं तरी ठामपणे सांगता येतं. साखळदंड तर मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार बेकायदा आहे. उशीर कमी करता येतो याचा पुरावा शेजारच्याच जिल्ह्यात आहे. अमरावतीच्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. त्यानंतर अठरा महिन्यांनी नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. तो नैराश्याचा उपक्रम होता, सायकोसिसचा नाही. पण आशा कार्यकर्तीला झोप उलटणं, ताट नाकारणं, एकटंच बोलणं एवढी खूण ओळखता आली, तर दवाखान्याची वाट सायकोसिसच्याही बाबतीत लवकर सापडेल.

अकोटच्या घरासाठी आज वाट अशी आहे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिथे घरचे लोकही बोलू शकतात. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तिथे जाताना पहिला बदल साधारण कोणत्या महिन्यात दिसला, त्याआधी ताप, करोना, स्टेरॉइड, दारू किंवा गांजा यांपैकी काय काय झालं होतं आणि आधीची कोणती चिठ्ठी आहे, हे कागदावर लिहून न्यावं. गोळ्या सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत बरं वाटतं म्हणून त्या सोडल्या जातात, इथेच घात होतो. पहिल्या झटक्यानंतर औषध बंद करणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका जवळपास पाचपट आढळला आहे. औषध किती काळ घ्यायचं, वजन वाढलं किंवा सुस्ती आली तर काय करायचं, हे पुढच्या भागात पाहू.