सावळ्या रंगाची राणी

वीकएण्डला अलिबाग हा आपला ठरलेला प्लॅन. बीच, कॉटेज, फोटो आणि बंदरावरच्या कोळणीकडून पापलेट! 'मावशी, काहीतरी कमी करा ना' म्हणत आपण तिच्याशी घासाघीस करतो. पण तिचा चेहरा किती जणांना आठवतो? चित्रकार बी. प्रभा यांनी त्याच चेहऱ्यांना कॅन्व्हासवर मानाची जागा दिली.

गंमत म्हणजे, प्रभा समुद्राकाठच्या नव्हेतच. जन्म १९३३चा, नागपूरजवळच्या बेला गावचा. नागपूरला चित्रकलेचं शिक्षण, मग मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. विद्यार्थिदशेतच त्यांची तीन चित्रं घेतली ती साक्षात डॉ. होमी भाभांनी. १९५६मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी एअर इंडियाने त्यांची सहा चित्रं विकत घेतली. किंमत? प्रत्येकी फक्त साडेसत्त्याऐंशी रुपये! एअर इंडियाच्या नावाजलेल्या कलासंग्रहाची सुरुवात झाली ती या चित्रांपासून.

प्रभांची बाई लगेच ओळखू येते. उंच, शिडशिडीत, लांब मानेची आणि सावळी, कधी चक्क काळी. शेजारी मासळीची टोपली. चित्रभर एकाच रंगाचं राज्य, त्यामुळे बाई आणि तिच्यामागचा निसर्ग वेगळे काढताच येत नाहीत. आणि हो, ती हसत नाही. सिनेमातल्या कोळीगीतात गोरीपान हिरॉइन टोपली घेऊन ठुमकते, तसली ही बाई नव्हे. दुष्काळ, भूक, बेघरपण हेही प्रभांचे विषय होते. त्यामुळे हे सौंदर्य कष्टाचं आहे.

ते कष्ट बघायचे तर मांडव्यापासून मुरूडपर्यंत कुठल्याही कोळीवाड्यात जा. दर्यावर पुरुष जातात, पण मासळी विकून घरात पैसा आणते ती बाई. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तिने उन्हात वाळवून ठेवलेले बोंबील आणि सुकटच कामी येतात. रंग रापणारच ना!

आणि आपण? आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी १९४८पर्यंत ज्या किनाऱ्यावर राज्य केलं, तिथेही स्थळं बघताना मुलगी 'गोरी' हवी. २०२०मध्ये एका प्रसिद्ध क्रीमने नावातलं 'फेअर' काढून टाकलं, पण आपल्या डोक्यातलं अजून निघालेलं नाही.

प्रभा २००१मध्ये गेल्या. आज त्यांची चित्रं लिलावात लाखोंना जातात. ती विकत घेणं आपल्या पगारात बसणारं नाही, पण प्रदर्शनात समोर आली तर दोन मिनिटं थांबा. ऑफिसातल्या ज्या मैत्रिणीला 'रंग सोडला तर छान आहे' असं कुणी सुनावलं असेल, तिला आवर्जून सोबत न्या. रंग 'सोडून' बघायचा नसतो, हे त्या चित्रातली बाई एक शब्दही न बोलता सांगते.