टेस्टर पेटतो, मग ट्यूब का नाही?

रात्रीचे साडेआठ. उद्या सबमिशन. आणि आमच्या फ्लॅटची अर्धी लाइट गेली. अर्धी म्हणजे खरोखर अर्धी. हॉल आणि आतली खोली अंधारात, किचन-बाथरूम मात्र लखलखीत, फ्रिजही निवांत घरघरतोय. खिडकीतून पाहिलं तर शेजारी, समोर, सगळीकडे टीव्ही सुरू. म्हणजे बिघाड आपल्याच घरात.

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या मुलींच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये एक ‘इंजिनीअर’ असतेच. आमचीने दारावरची पेटी उघडली. सगळे एमसीबी वर. एकही पडलेला नाही. इथेच आमची विकेट गेली, कारण आमचं ज्ञान ‘पडलेला वर कर’ एवढंच.

मग टेस्टर निघाला. हॉलमधल्या प्लगच्या उजव्या भोकात घातला, पेटला. ‘करंट आहे, ट्यूब उडाली असेल,’ असा निकाल लागला. पण दोन ट्यूब, दोन पंखे आणि वायफाय एकाच मिनिटात कसे उडतील? तिने टेस्टर डाव्या भोकात घातला. तिथेही पेटला! डावीकडे न्यूट्रल, तिथे पेटायला नको, एवढं आठवत होतं. तरीही दुसरी म्हणाली, ‘लाइट नाहीच आहे ना, मग बोर्ड उघडून वायर हलवून बघू.’ ती स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठलीसुद्धा. नशीब, तेवढ्यात खालच्या काकू वर आल्या. त्यांनी सगळ्यांना झापलं आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियन काकांना फोन लावला.

काका आले, हॉल आणि आतल्या खोलीतली सगळी बटणं बंद केली आणि डाव्या भोकात टेस्टर घातला. विझलेला. मग आतल्या पंख्याचं बटण दाबलं. टेस्टर पेटला. पंखा हललाही नाही.

‘जादू नाही पोरींनो, न्यूट्रल तुटलाय.’

करंट फेजच्या वायरने येतो आणि न्यूट्रलने परत जातो. परतीचा रस्ताच तुटला तर ट्यूब लागत नाही, पंखा फिरत नाही. पण फेज आलेलाच असतो. चालू बटणातून, पंख्याच्या वाइंडिंगमधून तो न्यूट्रलच्या वायरमध्ये येऊन थांबतो आणि ती वायरही ‘जिवंत’ होते. २३० व्होल्ट. तिला हात लागला तर परतीचा रस्ता आपण. टेस्टरमधला छोटा निऑन दिवा अगदी नगण्य करंटवर पेटतो, त्यामुळे तो फक्त ‘इथपर्यंत फेज आलाय’ एवढंच सांगतो. पुढचा मार्ग शाबूत आहे की नाही, ते त्याला कळत नाही. आणि आमची मैत्रीण त्याच वायरला ‘हलवून बघणार’ होती. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

काकांनी आधी मेन बंद केला, टेस्टरने पुन्हा खात्री केली आणि मगच बोर्ड उघडला. आत न्यूट्रलचा जोड काळा पडलेला, चिकटपट्टी वितळलेली. न्यूट्रल एका बोर्डातून पुढच्या बोर्डात नेलेला असतो. जोड जळाला की त्याच्या पुढचं सगळं बंद आणि अलीकडचं सुरू. अर्ध्या अंधाराचं कोडं सुटलं.

पण जोड जळाला कशाने? काकांची नजर कोपऱ्यातल्या किटलीवर गेली. रात्रीच्या मॅगीसाठी आम्ही ती हॉलच्या लहान प्लगवर लावायचो. किटली १५०० वॉटची. भागिले २३०, म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. लाइटच्या लाइनचा एमसीबी ६ अँपिअरचा. एवढ्याशा जादा लोडने तो पडेलच असं नाही, आणि सैल जोडावरची उष्णता तर त्याला समजतच नाही. त्यामुळे तो वर आणि आम्ही निश्चिंत.

एमसीबी पडलेला असेल तर मामला बराच सोपा. त्या लाइनवरची सगळी बटणं बंद करा, प्लग काढा, एमसीबी वर करा आणि एकेक वस्तू लावत जा. जिच्यामुळे पडेल ती चोर. काहीच चालू नसताना पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये, मग हट्टाने वर करत बसू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडला तर करंट कुठेतरी गळतोय. आधी गीझर आणि पावसात भिजणारा बाल्कनीचा दिवा बघा.

एक प्रकार मात्र वेगळा. काही दिवे मंद आणि काही भलतेच प्रखर झाले, तर थ्री-फेज सप्लायचा मुख्य न्यूट्रल सुटलेला असू शकतो. अशा वेळी २३०च्या वस्तूंवर ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. ताबडतोब मेन बंद करायचा आणि १९१२ ला फोन. खरं तर टीव्ही-फ्रिजचा निरोप घ्यायलाही वेळ मिळत नाही.

काकांनी नवा जोड पक्का बसवला. साडेदहाला हॉलची ट्यूब लागली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. किटली आता किचनच्या १६ अँपिअरच्या प्लगवर असते. दीड वाजता मॅगी हवी असेल तर तिथेच उभं राहून खायची.