चार पैसे आपल्या नावावर

मैत्रिणींनो, "तुम्ही निवृत्त कधी होणार?" असं तुम्हांला कुणी कधी विचारलंय का? मला विचारलं. गेल्या दिवाळीत, भाऊबीजेला नणंदबाई मुलाला घेऊन आमच्याकडे भोरला आल्या होत्या. मुलगा हिंजवडीला कंप्युटरच्या कंपनीत आहे. चकली मोडता मोडता म्हणाला, "मामी, मी पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणार. तुमचं काय?"

सासूबाई म्हणाल्या, "अरे, मग खाशील काय?"

"साठवलेलं, आजी. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट साठलं की नोकरी करायची गरजच नाही."

आम्ही सगळे हसलो. मी तर जास्तच हसले. शाळेत मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तास घेतले तर पैसे, मे महिन्यात शाळा बंद तर पैसेही बंद. घरकामाला तर रविवारसुद्धा नाही. आपण कुठल्या निवृत्त होणार! पण रात्री भांडी आवरताना तो आकडा डोक्यातून जाईना. आमचा महिन्याचा खर्च बावीस हजार. वर्षाचे झाले २ लाख ६४ हजार. त्याचे पंचवीसपट म्हणजे ६६ लाख! हातातलं पातेलं तसंच राहिलं.

हा पंचवीसपटीचा हिशेब आला कुठून, ते मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. १९९२ साली अमेरिकेत व्हिकी रॉबिन आणि जो डॉमिंग्वेझ यांनी एक पुस्तक लिहिलं. आपण पैसा खर्चतो तेव्हा खरं म्हणजे तो मिळवायला घातलेलं आयुष्य खर्चतो, असा त्याचा विचार. पुढे १९९४ मध्ये विल्यम बेंगेन यांनी तिथल्या जुन्या वर्षांचे आकडे तपासून हिशेब मांडला. शेअर्स आणि रोख्यांत घातलेल्या पुंजीतून पहिल्या वर्षी शंभरातले चार रुपये काढले आणि पुढे महागाईइतके वाढवत गेलं, तर ती तीस वर्षं पुरते. चार टक्के म्हणजेच पंचवीसपट. पण तो हिशेब त्यांच्या देशाचा. आपल्याकडे महागाई सहा टक्क्यांनी वाढली तरी बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. शिवाय पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसणाऱ्याला तीस नव्हे, चाळीस वर्षं काढायची असतात. म्हणून तीसपट धरली तरी कमीच पडेल. तेव्हा हा आकडा ऐकून कुणी यजमानांना राजीनामा द्यायला सांगू नका!

मग मी हे सगळं तुम्हांला का सांगतेय? तर दोन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळसाठी.

हे शिरवळला एका कंपनीत आहेत. येताना मोटरसायकल घसरली, पाय मोडला. दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणाले. माझ्याकडे डाळीच्या डब्यातले १८४० रुपये. बँकेत पैसे होते, पण खातं यांच्या एकट्याच्या नावावर. कार्डाचा नंबर मला ठाऊक नाही आणि यांना इंजेक्शनची गुंगी. बी.ए. झालेली मी, मुलांना निबंध शिकवणारी, त्या संध्याकाळी जावेपुढे हात पसरून उभी होते. जाऊबाईंनी लगेच दिले, एका शब्दानं बोलल्या नाहीत. तरी ते मागणं मला अजून बोचतं.

त्या तीन महिन्यांत घरात एकच बाई निर्धास्त होती, ती म्हणजे सासूबाई. त्या कधी नोकरीला गेल्या नाहीत. पण सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन सासूबाईंच्या खात्यात येतं. नातवाच्या वह्या, माहेरचा आहेर, देवळाची वर्गणी. कुणाला न विचारता देतात. आजारपणात दुधाचं बिल त्यांनीच भागवलं. तेव्हा कळलं, की बाईला सत्ता लागत नाही, पण दर महिन्याला आपल्या नावानं येणारे चार पैसे लागतात. आता तशी पेन्शन मास्तरांनाही राहिली नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्यानं लागलेल्यांसाठी राज्य सरकारनं ती बंद करून वर्गणीची योजना आणली. मग माझ्यासारखीला कोण देणार? आपली पेन्शन आपणच उभी करायची.

ती कशी, याचा पहिला धडा मला वेल्ह्याकडच्या बायकांनी दिला. ज्ञान प्रबोधिनीनं वेल्हे आणि भोर भागात बायकांचे बचत गट उभे केले, तसे इतरही संस्थांचे आणि सरकारी योजनांचे गट या भागात आहेत. नाबार्डनं १९९२ साली गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून अशा गटांना बँका कर्ज देऊ लागल्या. माझी एक मैत्रीण गटाचे हिशेब तपासते. तिच्याबरोबर मी एकदा बैठकीला गेले. भातलावणी संपली होती, बाहेर धो धो पाऊस. ओसरीवर पंधराजणी. प्रत्येकीनं आपले महिन्याचे पैसे ठेवले, वहीत आकडा चढला, मगच पुढचं बोलणं. मी पाहिलेल्या गटात कर्जाला महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज. ऐकायला जास्त वाटतं आणि आहेही, पण ते व्याज सावकाराच्या घरी न जाता गटातच राहतं आणि पुन्हा त्याच बायकांत वाटलं जातं.

तिथं एक आजी भेटल्या. आपल्याकडे रस्त्याकडेच्या जमिनींना पुण्या-मुंबईच्या लोकांनी बंगल्यांसाठी चांगला भाव दिला, हे तुम्हीही बघताय. कुणाच्या दारात गाडी आली, कुणाच्या घरी थाटाचं लग्न झालं, आणि काही घरांत दोन-तीन वर्षांत पुन्हा पहिल्यासारखं. या आजींच्या मुलानं जमीन विकली तेव्हा त्यांनी हट्टच धरला. मला म्हणाल्या, "बाई, जमीन जागेवर ऱ्हाती. पैक्याला पाय असत्यात. म्या सांगितलं, निम्मा माझ्या नि सुनेच्या नावानं ठेव, मगच अंगठा देते." सातबाऱ्यावर आजींचं नाव होतं, म्हणून त्यांचा अंगठा लागला. सून म्हणून नुसत्या नांदत असत्या, तर कुणी विचारलंही नसतं. आपलं नाव कागदावर असण्याची किंमत यापेक्षा सोपी करून मी सांगू शकत नाही.

आणि हा विचार आपल्या मातीला परका नाही. तोरण्याची दुरुस्ती करताना शिवाजीमहाराजांना धन सापडलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या धनाचं त्यांनी काय केलं? त्यातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला. सापडलेलं खर्चून टाकलं नाही, पुढं उपयोगी पडेल असं उभं केलं. दोन्ही गड वेल्ह्यातच आहेत, आपण मात्र तिथं सहलीला जाऊन येतो.

आता कामाचं बोलू. मी काय केलं, ते क्रमानं सांगते.

पहिलं, हिशेबाची वही. तीन महिने एक रुपयाही न लिहिता सोडला नाही. काटकसर मी आधीही करत होते, पण ती भाजीच्या जुडीवर. वहीत दिसलं, की मोठी गळती जुडीत नाहीच. आहेर, हप्त्यावर घेतलेल्या वस्तू, 'आता आलोच आहोत तर' म्हणून केलेली खरेदी, पैसे जातात ते यात. शिवाय शिल्लक राहील ते साठवू म्हटलं तर काही उरत नाही. पैसे हातात आले की आधी बाजूला काढायचे, मग राहतील त्यात भागवायचं. आपण वाणसामान भरताना सणाचा गूळ आधी वेगळा काढतो, तसंच.

दुसरं, अडीअडचणीची पुंजी. सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे आमचे १ लाख ३२ हजार. ही बचत खात्यात नाहीतर छोट्या मुदतठेवीत, चटकन मिळेल अशी. माझे त्यातले निम्मे झालेत. यावर जास्त व्याज शोधू नका. ते पैसे कमवायला नसतात, उभं राहायला असतात.

तिसरं, लांब पल्ल्याचं. मी पोस्टात पीपीएफचं खातं काढलं, एकटीच्या नावावर. वर्षाला निदान पाचशे रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत पंधरा वर्षं. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. २०२० च्या एप्रिलपासून २०२५ सालभर तो ७.१ टक्के होता. त्या दरानं महिन्याला हजार रुपये भरले, तर पंधरा वर्षांत आपण घालतो १ लाख ८० हजार आणि हाती येतात सुमारे ३ लाख १५ हजार. आणखी एक सोय, की घरातल्या धंद्याचं कर्ज बुडालं तरी कोर्टाच्या जप्तीतून या खात्याला संरक्षण आहे. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर २०१५ साली सुरू झालेलं सुकन्या समृद्धी खातंही बघा. थोडी जोखीम पेलत असेल आणि दहा-पंधरा वर्षं हात लावायचा नसेल, तर म्युच्युअल फंडात दरमहा थोडे पैसे घालता येतात. मीही पाचशेपासून सुरुवात केलीय. पण ते वर-खाली होतात. खाली गेले की झोप उडणार असेल, तर तिकडे जाऊ नका.

२०२४ च्या जुलैपासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार अनेकींच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. तुम्ही त्यांतल्या असाल, तर येतील त्या महिन्याचे पाचशे आधी बाजूला काढा. सरकारी पैसा कायमचा धरू नये, पण त्यातून साठवलेलं आपलं असतं.

चौथं, एक चूक कबूल करते. जादा व्याजाच्या लोभानं मी एका पतसंस्थेत तीस हजार ठेवले होते. नाव सांगत नाही. ते अडकले, अजून पुरते निघाले नाहीत. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, २०२० पासून ही मर्यादा आहे आणि सहकारी बँकांनाही ती लागू आहे. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ साली रद्द झाला, तेव्हा ज्यांच्या ठेवी या मर्यादेच्या वर होत्या, त्यांना याची किंमत कळली. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, आणि टोपली कुणाची, तेही विचारा.

पाचवं, नावं. घरातल्या प्रत्येक खात्यावर कुणाचं नाव आहे, नामनिर्देशन कुणाचं आहे, हे या आठवड्यात पाहा. अनेक घरांत लग्नाआधीच्या खात्यावर अजून सासूबाईंचंच नाव असतं. नामनिर्देशन झालेला माणूस पैसे स्वीकारतो, पण मालकी वारसांचीच असते, हेही जाणून असा. यजमान नवीन आयुर्विमा घेत असतील, तर तो विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली घ्यायला सांगा. १८७४ सालचा कायदा आहे, पण आजही चालतो. अशा पॉलिसीचे पैसे बायको-मुलांचे, त्यावर देणेकऱ्यांचा हात पोहोचत नाही. हे पॉलिसी घेतानाच लिहून द्यावं लागतं.

"आम्हांला यातलं काय कळतंय," असं म्हणू नका. साताऱ्याच्या म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हांनी बायकांची माणदेशी बँक उभी केली. बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून आधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता. त्या बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हांला व्याजाचं गणित घाला, तोंडी करून दाखवतो. परवाना मिळाला. आपण तर चार यत्ता शिकलेल्या आहोत!

हे सगळं घरात न भांडता कसं करायचं? मी यांना वही दाखवली. सुरुवातीला म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, "विश्वास आहे म्हणून तर दाखवतेय. पण तुमचा पाय मोडला तेव्हा मी कुठं उभी होते, ते आठवतंय ना?" मग गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन माझं नाव खात्याला जोडून आले, आणि कार्डाचा नंबर कागदावर न लिहिता माझ्याकडून पाठ करून घेतला.

६६ लाख माझ्याच्यानं होतील की नाही, देव जाणे. बहुतेक नाही. पण परवा भाचा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "तू पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोड, बाबा. मला शाळा सोडायची नाही, मुलं आवडतात मला. मला फक्त मागायचं सोडायचंय." त्यानं विचारलं, "मग मामी, किती झाले?" मी वही काढून दाखवली. सासूबाईंनी चष्मा लावला, आकडा बघितला आणि आत जाऊन पाचशेची नोट घेऊन आल्या. म्हणाल्या, "यातही लिही. माझ्या नावानं नको, तुझ्याच."

तुमची वही आजच काढा. पहिल्या पानावर तारीख घाला आणि आकडा कितीही लहान असो, लिहा. माझा पहिला आकडा दोनशे रुपये होता.