आधी डावाचा शेवट शिकवा

पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी मुलाला वा मुलीला बुद्धिबळाची गोडी लागली, की घरच्यांपुढे प्रश्न पडतो : शिकवणार कोण? अहिल्यानगर-पुण्याच्या वर्गाची फी आणि एस.टी.चे भाडे प्रत्येक घराला झेपत नाही. मग मूल पुस्तकातून डावाची सुरुवात घोकते. समोरच्याने पाठ नसलेली चाल केली, की गडबडते.

क्यूबाचा कापाब्लांका १९२१ ते १९२७ जगज्जेता होता. अभ्यास शेवटापासून करावा, असे त्याचे मत. आपल्या घरांना हे सोयीचेच आहे. पट आणि तीन मोहरी पुरतात.

पांढरा राजा ई-५ वर, त्याचे प्यादे ई-४ वर आणि काळा राजा ई-७ वर मांडा. दोन राजांमध्ये एकच घर रिकामे. आता ज्याची पाळी, त्याचे नुकसान! पांढऱ्याची पाळी असेल तर डाव बरोबरीत सुटतो. काळ्याची असेल तर त्याला वाट सोडावीच लागते. तो डी-७ वर गेला, की पांढरा राजा एफ-६ वर शिरतो आणि पुढे प्याद्याचा वजीर होतो. मुलांनी बाजू बदलून हे वीस वेळा खेळावे. पाठ करू नये, कारण शोधावे.

दुसरा अभ्यास डावपेचांचा. सी-७ वर आलेला पांढरा घोडा ई-८ वरच्या राजाला शह देतो आणि ए-८ वरचा हत्तीही धरतो. नवखा खेळाडू इथे हमखास फसतो. प्रत्येक चालीआधी तीन गोष्टी पाहाव्यात : शह कोठे आहे, काय मारता येते, समोरच्याची धमकी कोणती. यातली तिसरीच मुले विसरतात.

शेवटाचा खेळ हा काही फक्त नवशिक्यांचा धडा नव्हे. २०२५ साली बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखसमोर कोनेरू हंपी होती. दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही. २८ जुलैच्या दुसऱ्या जलद डावात मोहरी थोडी उरली, घड्याळ अंगावर आले, आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी दिव्या जिंकली. एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली.

एक सूचना. पारावरचे जुने खेळाडू प्याद्याला पहिल्या चालीत एकच घर चालवतात. स्पर्धेत दोन घरे चालतात. हा फरक मुलाला आधीच सांगावा. हरलेला डाव वहीत लिहून आणायला लावावा, आणि रात्री जेवणानंतर कोणी रागावल्याशिवाय तो पुन्हा पटावर मांडावा.