राजपुत्र औशाच्या किल्ल्यात

लहानपणीचा व्हिडिओ गेम नव्याने रंगवताना चित्रकार बहुधा तपशिलांची खैरात करतात. पण आधी त्या खेळामागची साधनांची चणचण समजून घ्यायला हवी. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’साठी जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाच्या धावण्या-उड्यांचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली चितारल्या. मेमरी अपुरी पडली, तेव्हा त्याच आकृत्या थोड्या सरकवून छायारूपी शत्रू घडवला. म्हणजे खेळाचा जीव देहाच्या लयीत आहे. ती जपून संकल्पनाचित्रात भोवतालचं जग मनसोक्त भरावं.

ते जग लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या भुईकोटातून घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं. सखल जागेतला किल्ला, भोवती रुंद खंदक, दगडी बुरूज. इराण कुठे नि औसा कुठे, असा आक्षेप येईल. पण औसा बहमनी राज्यात होतं आणि त्या दरबारात फारसी चालायची. वजीर महमूद गवान इराणच्या गिलानमधून आला आणि त्याने १४७२ मध्ये बिदरला इराणी धाटणीचा मदरसा उभारला. इतक्या तपशिलात मूळ खेळ हरवेल, ही भीती मात्र रास्त आहे. तेव्हा काळ्या दगडापुढे पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र आधी नजरेत भरावा, कोरीवकाम नंतर.