डोंगराचे पाहुणे

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मुलांना डोंगर अगदीच परका नाही. बोरिवलीच्या पूर्वेस कान्हेरीची टेकडी आहे. मुलुंडच्या पश्चिमेस तर डोंगर वस्तीच्या उशालाच येऊन बसलेला आहे. अंधेरीचा मुलगा दादरला गाडी बदलून कसाऱ्याच्या गाडीत बसला, तर दोन-अडीच तासांत आसनगावला उतरतो आणि माहुलीचे सुळके त्याच्या दृष्टीस पडतात. तेथून पुढे कसारा, इगतपुरी आणि घोटी ओलांडून बारी गावी पोहोचले, की १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच असे कळसूबाईचे शिखर समोर उभे राहते.

पहिला पाऊस पडला, की या वाटांवर माणसांची रीघ लागते. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्याच दिवसांत वर्तमानपत्रांतून दुसरीही बातमी येऊ लागते. कोणी धबधब्याखाली वाहून गेला, कोणी धुक्यात वाट चुकला, कोणी कड्यावरून घसरला. यांतील पुष्कळांना डोंगर चढण्याचे बळ होते. डोंगराकडे कसे जावे, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपण परक्या घरी पाहुणे म्हणून गेलो, तर त्या घरची रीत आधी विचारतो. डोंगराच्या बाबतीत मात्र ते घर कोणाचे तरी आहे, हेच आपण विसरतो.

प्रथम त्या घराची बांधणी पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस वर आला, पसरला आणि थिजला. असे थरावर थर साचून आपला काळा कातळ तयार झाला. हा कातळ फार कठीण असून त्यात पाणी सहज मुरत नाही. म्हणून डोंगरमाथ्यावर तासभर धो धो पाऊस झाला, की ते पाणी उतारावरून धावत सुटते आणि घोटाभर खोलीचा ओढा पाहता पाहता कमरेइतका होतो. गंमत अशी, की खाली आपल्या डोक्यावर ऊनही पडलेले असते! तेव्हा ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा वाहत येऊ लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर क्षणभरही न थांबता काठावर उंच जागी जावे. सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी भरलेला आढळला, तर पाणी उतरेपर्यंत अलीकडेच बसून राहावे. घरी पोहोचण्यास रात्र झाली तरी चालेल. धबधब्याच्या अगदी खाली उभे राहण्याचा मोह अनेकांना होतो. पण पाण्याबरोबर दगडही येतात, हे ध्यानात ठेवावे. शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळव्याचे पादत्राण काही कामाचे नाही. खोल खाचा असलेले रबरी तळव्याचे बूट घालावेत, आणि तेही जुने, पायांच्या ओळखीचे. नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी पायांना फोड येतात.

डोंगरावर वेळेचा हिशेबही निराळा असतो. सूर्य कड्याआड गेला, की खोऱ्यात अंधार लवकर उतरतो. म्हणून पहाटे निघावे, आणि माथ्यावर पोहोचलो नसलो तरी परत फिरण्याची वेळ आधीच ठरवून ती पाळावी. वाटेत भेटणाऱ्या गावकऱ्याला “किती दूर आहे?” असे विचारू नये. तो “हे काय, इथंच!” असे म्हणेल, आणि ते इथंच संपता संपणार नाही. यात तो खोटे बोलत नाही. तो आपल्या पायांनी अंतर मोजतो, आणि त्याचे पाय रोज ती वाट चढतात. “आमच्यासारख्यांना किती वेळ लागेल?” असे विचारले, तर तो आपल्याकडे एकदा आपादमस्तक पाहून बहुधा अचूक उत्तर देतो. पावसाळ्यात किंवा दाट कारवीतून जाताना गावातील माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्यावा आणि त्याची मजुरी निघण्यापूर्वीच ठरवावी. धुक्याने वेढले तर वाट शोधत चहूकडे पांगू नये; सर्वांनी एकत्र बसून धुके विरळ होण्याची वाट पाहावी. आकाशात विजा चमकू लागल्या, तर माथ्यावर, एकट्या झाडाखाली किंवा लोखंडी शिडीजवळ थांबू नये. कळसूबाई आणि माहुली या दोन्ही ठिकाणी अशा शिड्या आहेत. तेथे एका वेळी एकानेच चढावे आणि खालच्याने वरच्याच्या पायांपासून दूर उभे राहावे.

आता पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ज्या कातळावरून पावसाळ्यात लोंढे वाहतात, तोच कातळ चैत्र-वैशाखात कोरडा ठणठणीत पडतो. भातसा आणि तानसा ही जलाशये शहापूर तालुक्यात आहेत. माहुलीचा किल्लाही याच तालुक्यात आहे. मुलुंड-घाटकोपरच्या घरांत जे पाणी नळाने येते, ते अशाच सह्याद्रीच्या कुशीतील तलावांतून. परंतु याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बायका-मुली डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरीवर जातात आणि झऱ्याला पाणी सुटेपर्यंत वाटीवाटीने ते भरत बसतात. अशा गावात आपण जातो, हंड्यातील पाणी पितो, उरलेले ओततो आणि टाक्यात पाय धुतो! आपले पिण्याचे पाणी आपण घरूनच न्यावे. कोणी प्रेमाने तांब्या पुढे केला तर नाही म्हणू नये. पण लागेल तेवढेच घ्यावे. गडावरील पिण्याच्या टाक्यात उतरणे, कपडे भिजवणे, साबण लावणे, यांपैकी काहीही करू नये. शौचास जायचे झाल्यास पाण्यापासून पुष्कळ दूर जावे.

डोंगरात पाण्याचे मोल काय असते, हे पाहायचे असेल तर कान्हेरीला जावे. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून हजारएक वर्षे तेथे बौद्ध भिक्षूंचा राबता होता. पुष्कळ लेण्यांच्या दाराशी कातळात कोरलेले पाण्याचे टाके आहे. पावसाचे पाणी लहान लहान पन्हाळींतून त्यात आणलेले आहे. शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलेले आहे. हे शिलालेख कोणी कोरविले? कल्याण, सोपारा, चेऊल अशा नगरांतील व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी, भिक्षुणींनीसुद्धा. कोणी लेणे दिले, कोणी पोढी दिली, कोणी बसावयास आसन दिले. आणि जे दिले त्याच्याशेजारी आपले नाव लिहिले. त्याच कातळावर अलीकडच्या लोकांचीही नावे आढळतात. त्यांनी मात्र काय दिले, याचा तेथे उल्लेख नाही. खिळ्याने किंवा कोळशाने भिंतीवर अक्षरे काढणे हा पुरातन वास्तूंच्या कायद्याने गुन्हा आहे, हे तर खरेच. पण मला त्यात गुन्ह्यापेक्षा दारिद्र्य अधिक दिसते.

कान्हेरीभोवतीचे सर्व अरण्य हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान होय. तुळशी आणि विहार हे तलाव त्यातच आहेत, आणि तेथे बिबट्या राहतो. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. बिबट्या बहुधा माणसाला टाळतोच. त्याला माणसाजवळ आणतो तो आपलाच कचरा. खरकटे टाकले, की कुत्री जमतात. कुत्री जमली, की त्यांच्या मागे बिबट्या येतो. म्हणून केळीची साल असो की संत्र्याची, सर्व काही पिशवीत घालून परत आणावे. माकडांनाही काही देऊ नये. दिल्याने ती धीट होतात आणि पुढे दुसऱ्याच्या हातातील शिदोरी ओढतात. सांजवेळी मुलांनी एकटे फिरू नये, वाटेच्या कडेला वाकून बसू नये. आणि बिबट्या दिसलाच तर पळू नये. उभे राहून, एकत्र होऊन, त्याच्यावरील नजर न काढता हळूहळू मागे सरावे. बिबट्यापेक्षाही मला कड्यावर लोंबणाऱ्या आग्या मोहोळांची अधिक धास्ती वाटते. धूर, गोंगाट किंवा फेकलेला दगड, एवढ्यानेही त्या माश्या उठतात. ज्यांना रानात गाणी वाजविण्याची हौस आहे, त्यांनी निदान एवढ्यासाठी तरी ती आवरावी.

या रानात आणि सह्याद्रीच्या खोऱ्यांत वारली, महादेव कोळी, ठाकर असे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. वारली लोक वाघोबाला देव मानतात. दगडावर किंवा लाकडाच्या फळीवर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले असतात आणि वर शेंदूर असतो. तो दगड बसण्याची जागा नव्हे. देवराईत तर वाळलेली काटकीही उचलू नये. तेथील लोक स्वतः उचलत नाहीत. कारवीला सात-आठ वर्षांतून एकदाच फुले येतात, तिचे बी धरते आणि मग ते झुडूप मरते. त्या एका वर्षी आपण तिची फुले ओरबाडली, तर पुढच्या पिढीचे बीच नाहीसे होते. त्याच कारवीच्या काठ्यांवर माती लिंपून गावकरी घरांच्या भिंती करतात.

गावात शिरताना ओळखदेख नसली, तरी “राम राम आजोबा”, “मावशी, वाट कुठून?” असे म्हणावे. मुंबईचे पाहुणे उगीच मोठ्याने बोलतात, असा खेड्यातील लोकांचा समज आहे, आणि तो चुकीचा आहे असे मला म्हणवत नाही. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. पाणी भरणाऱ्या बाईचे, अंगणात निजलेल्या म्हाताऱ्याचे चित्र न विचारता काढणे म्हणजे दार न ठोठावता आत शिरणे होय. त्यांच्या बोलीला हसू नये. आपलीही बोली त्यांना तितकीच विचित्र वाटते. भाताच्या खाचरातून वाट काढू नये, बांधावरून जावे, आणि बंद आढळलेले काटेरी फाटक पुन्हा बंद करावे. जेवण सांगायचे असेल तर आधी कळवावे, आणि पिठले-भाकरीची जी किंमत सांगतील ती द्यावी. चुलीचे सरपण आणि हंड्याचे पाणी डोंगरावरून कोणी तरी वाहून आणलेले असते. तेथे घासाघीस शोभत नाही. मुलांना खाऊ वाटत सुटणेही बरे नव्हे. द्यायचेच असेल, तर शाळेतील गुरुजींना विचारून शाळेला द्यावे.

वाट अरुंद असेल, तर ओझे घेतलेल्या माणसाला प्रथम जाऊ द्यावे आणि आपण दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला उभे राहावे.

निघताना घरी कळवावे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे पायथ्याच्या गावातही सांगावे. पुष्कळ ठिकाणी दूरध्वनी लागत नाही. जेथे लागतो, तेथे संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरवता येतो. तथापि साहाय्यास पहिला धावतो तो गावकरीच. आणि उतरल्यावर ज्या घरी सांगितले होते, त्या घरी पुन्हा जाऊन “मावशी, आम्ही सगळे उतरलो” असे अवश्य सांगावे. न सांगता परस्पर गाडी गाठली, तर आपण लोकलमध्ये खिडकीशी झोपलेले असतो आणि तिकडे दोन माणसे विजेऱ्या घेऊन, पावसात भिजत, आपल्याला हाका मारीत डोंगर चढत असतात.